'पो' आणि 'पर'

सकाळपासून डोकं तापलंय. शेजारच्या काकूंनी महिनाभर थायरॉइडची गोळी घेतलीच नाही. का, तर पुण्याच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, "काकू, तुझी ग्रंथी आधीच जास्त काम करतेय, वरून गोळी कशाला?" फाईलवर लिहिलंय हायपो, म्हणजे कमी; त्यानं वाचलं हायपर, म्हणजे जास्त. एका अक्षरात अर्थ पार उलटा! ग्रंथी मंदावली म्हणून तर गोळी होती. काकू भर दुपारी स्वेटर घालून बसल्यात, चेहरा सुजलाय.

पुतण्याला फोन लावून झापणार होते. पण कुठल्या तोंडानं? आप्पांच्या वेळी मी तेच केलं होतं.

आप्पा रात्री इन्सुलिन घेऊन न जेवताच झोपले. बारा वाजता उठले ते घामानं बनियन चिंब, हात थरथरतायत. डॉक्टर फोनवर घाईत म्हणाले, "हायपो असेल," आणि रेंज गेली. मी ऐकलं हायपर. आप्पा कुंद्याच्या मिठाईच्या डब्याकडे हात नेत होते, मी डबा काढून घेतला. वरून मीच त्यांच्यावर रागावले. वहिनी धावत आल्या, त्यांनी साखरेचं पाणी पाजलं. नंतर मशीनवर साखर बघितली तर ५२. सत्तरच्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर द्यायची, १५ मिनिटांनी परत तपासायचं, हे मला मागाहून कळलं.

डॉक्टर "साखर उतरलीय" एवढंच म्हणाले असते तर? उतरली, चढली. खानापूरच्या कुठल्याही आजीला कळतं. कन्नडवाल्याला कडिमे (कमी) आणि जास्ती कळतं. भाषेवरून आपण इथं सीमाभागात इतकी वर्षं भांडतोय, आणि पेशंटच्या हातात पडते ती ग्रीक!

डॉक्टरांना आपापसांत एकच शब्द लागतो, मान्य. पण इंग्रजीत निदान स्पेलिंग तरी वेगळं असतं. लहान आतड्याचं शेवटचं टोक इलियम आणि कमरेचं रुंद हाडही इलियम, आपल्या लिपीत दोन्ही तंतोतंत एक. सांगा, घरच्यांनी काय समजायचं?

आप्पा आता नाहीत. गेले ते वेगळ्याच आजारानं, पण तो डबा काढून घेताना त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

संध्याकाळी काकूंना घेऊन दवाखान्यात गेले. गोळी परत सुरू झाली, पहाटे अनशापोटी. घरी येऊन फाईलवर लाल स्केचपेननं मोठ्ठं लिहिलं, "ग्रंथी मंद. गोळी बंद करायची नाही." खाली तेच कन्नडमध्ये त्यांच्या सुनेकडून लिहून घेतलं. काकूंनी दोनदा वाचलं आणि फाईल उशाखाली ठेवली.