फोन आधी जवळच्या गाडीपर्यंत पोचू द्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तळमळीने लिहिली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ११२ या आणीबाणीच्या नंबरवर फोन करणाऱ्याचं ठिकाण यंत्रणेला आपोआप कळावं आणि त्यावरूनच तो फोन कोणाकडे जाणार हे ठरावं, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, हे शहरातलं खूळ आहे. पूर्वी शिरपूर तालुक्यातला पोलीस पाटील थेट ठाण्यात फोन लावायचा आणि उचलणाऱ्या हवालदाराला पाडा न् पाडा तोंडपाठ असायचा. आता ११२ चा फोन जातो नवी मुंबईच्या केंद्रात. तिथे आमची खान्देशी अहिराणी कोणाला कळते, आणि सातपुड्यातल्या आदिवासींची पावरी तर त्याहून लांब. त्यापेक्षा तेवढ्या पैशात गाड्या द्या. शेवटी तुम्ही विचारलंय, सरकारला आमचा ठावठिकाणा हवाच कशाला?

हवालदाराबद्दल तुम्ही लिहिलंय ते अगदी खरं आहे. पण फोन करतो कोण, ते बघा. पाड्यावरून फोन आला तर नाव सांगणारा माणूस तिथलाच असतो. धुळे-सुरत रस्त्यावरच्या कोंडाईबारी घाटात रात्री दोन वाजता मोटारसायकलवाला पडला, तर फोन करणारा बहुतेक वेळा परका असतो. हरियाणाचा ट्रकवाला थांबतो, भला माणूस असतो म्हणून थांबतो, आणि सांगतो, "धुलिया के आगे घाट है." सुरतहून येणारा 'आगे' कशाला म्हणेल आणि नागपूरकडून येणारा कशाला म्हणेल? त्याच्याकडे हवालदाराचा नंबर नाही, पाटलाचाही नाही. त्याला एकच नंबर माहीत आहे, ११२. जखमीच्या घरचा माणूस बोलत असेल तर आणखी अवघड, कारण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून गावाचं नाव निघत नाही, "लवकर गाडी धाडा, पोऱ्या पडी गया" एवढंच निघतं.

आणि नाव निघालं तरी काय? जळगाव म्हटलं की खान्देशातला माणूस आपलं जळगाव समजतो, पण बुलढाण्यात जळगाव जामोद आहे. तुमचं शिरपूर धुळ्यातलं, दुसरं शिरपूर वाशिमला. पिंपरी, वडगाव, पिंपळगाव यांची तर गणतीच नको. नवी मुंबईत बसलेल्या मुलीने यादीतलं पहिलं नाव निवडलं तर दोष तिला देऊ नका, तिच्यापुढे फोनसोबत ठिकाण आलं नाही हा दोष.

आता ठिकाण येतं कसं, ते. साध्या पद्धतीत कळतो फक्त टॉवर. टॉवरला सहसा तीन बाजूंना तोंडं असतात, म्हणजे फोन कोणत्या दिशेच्या पट्ट्यात आहे एवढं समजतं. टॉवरपासूनचं अंतरही मोजता येतं, २जी मध्ये साधारण ५५० मीटरच्या टप्प्यांनी, ४जी मध्ये ७८ मीटरच्या. म्हणजे हाती येतो कलिंगडाच्या फोडीसारखा एक तुकडा. जळगाव शहरात टॉवर दाटीने आहेत, तिथे ही फोड छोटी. सातपुड्यात एकच टॉवर मैलोन्मैल पुरवायचा असतो, तिथे त्या फोडीत चार-पाच पाडे आणि दोन नाले बसतात. म्हणून मी सांगतोय की फोनमधला जीपीएस वापरा. ब्रिटनमध्ये २०१४ पासून ही सोय आहे. आणीबाणीचा नंबर लावला की फोन स्वतःच ठिकाण काढतो आणि मजकुराच्या रूपाने केंद्राला पाठवतो, बोलणाऱ्याला काही करावं लागत नाही. युरोपीय संघात मार्च २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनमध्ये ही सोय सक्तीची आहे. आपल्याकडे ११२ इंडिया अ‍ॅप ठिकाण पाठवतं, पण अपघात झाल्यावर अ‍ॅप कोण उतरवून घेतो?

तुमच्या तालुक्याला सगळ्यात जास्त झोंबणारी गोष्ट वेगळीच आहे. पळासनेरच्या पुढे बिजासन घाट, मग सेंधवा, मध्य प्रदेश. फोनला राज्याची सीमा कळत नाही, ज्याची रेंज चांगली तो टॉवर तो पकडतो. तो टॉवर पलीकडचा असेल तर फोन भोपाळकडच्या यंत्रणेत जातो. नर्मदेच्या काठच्या गावांचंही तेच, समोरच्या काठावर दुसरं राज्य. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. तिथे फलाटावर दोन पावलं इकडे-तिकडे झाली की राज्य बदलतं, टॉवर मात्र बदलत नाही. अमेरिकेतही हीच रड होती. टॉवरवरून ठरवलेला फोन शेजारच्या परगण्याच्या केंद्रात जायचा, तिथून तो पुढे ढकलायला वेळ जायचा. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने मोबाइल कंपन्यांना नियम लावला, की ९११ चा, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबरचा, फोन टॉवर बघून नव्हे, माणसाचं ठिकाण बघून पाठवा. मी मागतो आहे ते एवढंच.

गाड्या कमी आहेत, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठा आधार तोच आहे. गाड्या मुबलक असत्या तर चुकीची गाडी निघाली तरी निभावलं असतं. कोंडाईबारीच्या एका अंगाला दहिवेल, तो धुळे जिल्हा. दुसऱ्या अंगाला विसरवाडी, तो नंदुरबार. अपघात घाटाच्या कोणत्या वळणावर झाला, यावर कोणत्या जिल्ह्याची गाडी जवळ हे ठरतं. तिथे 'आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य रक्तबंबाळ माणसाच्या उशाशी बसून कोणी बोलू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात, हद्द न बघता, नोंदवता येते असं स्पष्ट लिहिलं आहे. कागदाला हद्द आड येत नाही, मग गाडीला का यावी? १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आपल्याकडे धावते आहे. ११२ आणि १०८ एकाच नकाशावर एकच ठिपका बघतील, एवढं तरी व्हायला हवं.

भाषेचं दुखणं मोठं आहे. त्याला उपाय एकच, फोनसोबत ठिकाण आलं की तो नंदुरबार किंवा धुळ्याच्या नियंत्रण कक्षाला लगेच जोडावा आणि तिथे अहिराणी, भिली, पावरी बोलणारी माणसं पाळीवर ठेवावीत. ठिकाणच कळलं नाही तर कोणाला जोडायचं हेही कळत नाही.

ठावठिकाण्याबद्दल तुमची शंका रास्त आहे. माझी मागणी फक्त ११२ लावल्यावर, त्या फोनपुरतं ठिकाण जाण्याची आहे. रोजच्या फिरण्याची नोंद ठेवायला माझाही विरोधच आहे.

रेंजबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. आपल्या कंपनीची रेंज नसली आणि दुसऱ्या कंपनीची असली तर 'फक्त आणीबाणीचे कॉल' असं दिसतं, आणि ११२ लागतो. पण असा फोन तुटला की केंद्राला उलटा फोन करता येईलच असं नाही. मग पहिल्याच झटक्यात जे ठिकाण मिळालं, तेवढंच हाती राहतं. अजिबातच रेंज नाही तिथे टॉवर हवा, त्याला दुसरा इलाज नाही.

आता तुमच्या हवालदाराकडे परत येतो. धडगाव, मोलगी किंवा तुमच्या बोराडीच्या वरचे पाडे घ्या. जीपीएस बरोबर पाडा दाखवेल, पण गाडी पाड्यापर्यंत जातच नाही. बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस बांबूच्या झोळीतून खाली आणतात. झोळी कोणत्या वाटेने उतरते, रस्त्याला कुठे लागते, पावसाळ्यात नाला भरला की कोणती दुसरी वाट धरतात, हे कुठल्याही उपग्रहाला दिसत नाही. गाडी उभी करायची ती त्या जागी. ही माहिती तुमच्याकडे आहे, पाटलाकडे आहे, आशाताईंकडे आहे. ती नकाशावर चढली तर रात्री पाळीवर नवा पोरगा असला तरी गाडी योग्य ठिकाणी थांबेल, आणि तुमचा तो हवालदार निवृत्त झाला म्हणून पाडा अनाथ होणार नाही.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. तुमच्या बाजूच्या पाड्यांची नावं, प्रत्येकाची झोळी रस्त्याला लागण्याची जागा, उन्हाळ्याची वेगळी आणि पावसाळ्याची वेगळी, असं लिहून पाठवा. फोनवरून त्या जागेचं ठिकाण पाठवता आलं तर फार बरं, नाहीतर 'अमुक शाळेच्या पुढचा पूल' असं लिहिलंत तरी चालेल. जिल्हा नियंत्रण कक्षाला द्यायचा अर्ज मी तयार केला आहे, तुमची यादी त्याला जोडतो. अर्जावर पाड्यांकडून पहिली सही तुमची असावी, अशी माझी इच्छा आहे.