कार्बोलिक, दोरी आणि ‘इथे मगर नाही’ : धरणाकाठच्या मुक्कामाबद्दलच्या एका फॉरवर्डचा समाचार

पावसाळा सरत आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या, ऑफिसच्या आणि भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. पवना, मुळशी, पानशेत किंवा उजनीच्या काठी टेंटमध्ये नाहीतर रिसॉर्टवर मुक्कामाला जाणाऱ्यांसाठी तो ‘अनुभवी लोकांचा सल्ला’ म्हणून येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या धरणांत मगरी नाहीत, त्यामुळे काठ निर्धोक आहे. टेंटभोवती कार्बोलिक अ‍ॅसिड शिंपडलं की साप आत येत नाही. चावलाच तर वरच्या बाजूला घट्ट दोरी बांधून चिरा द्यावा. मधमाशा उठल्या तर पाण्यात उडी मारावी. बिबट्या उजेडाला आणि डीजेला घाबरतो. आणि काही झालंच तर रिसॉर्टवर इंजेक्शन असतंच.

यातले दोन मुद्दे निव्वळ चुकीचे नाहीत, जीव घेणारे आहेत. बाकीच्यांत थोडं खरं आहे, पण ते भलत्याच ठिकाणी लावलंय. मेसेज लिहिणाऱ्याची नजर सगळी पाण्यावर आहे. प्राण्यांपासूनचा धोका मात्र काठावर असतो, गवतात, सरपणाच्या ढिगात आणि खरकट्याच्या आसपास, आणि तोही बहुतेक करून दिवेलागणीनंतर.

‘मगर नाही, म्हणजे काठ निर्धोक’

पवना-मुळशीपुरती मगरीची भीती बाजूला ठेवू. पण हाच मेसेज वाचून लोक सांगलीला आणि चिपळूणलाही जातात. सांगलीजवळच्या कृष्णेत आणि चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत, आणि पुराच्या पाण्याबरोबर त्या वस्तीतही शिरतात. थंडीत त्या ऊन खायला काठावर पडून असतात. उन्हाळा हा त्यांचा अंडी घालण्याचा काळ, तेव्हा मादी घरट्याजवळ कुणालाही फिरकू देत नाही. तिथे पोहायचं नाही हे सगळ्यांना समजतं. पाण्याच्या कडेला उकिडवं बसून भांडी घासणं, पाय सोडून बसणं, मासळीचे तुकडे तिथेच टाकणं हे तितकंच वाईट, हे कुणी सांगत नाही.

याचा सगळ्यात कठोर धडा जून 2016 मध्ये अमेरिकेत ऑर्लँडोजवळच्या डिस्नीच्या एका रिसॉर्टवर मिळाला. रात्री नऊच्या सुमारास, कृत्रिम तळ्याच्या वाळूच्या किनाऱ्यावर, जेमतेम घोटाभर पाण्यात असलेल्या दोन वर्षांच्या मुलाला अ‍ॅलिगेटरने, म्हणजे मगरीच्या तिकडच्या भावंडाने, ओढून नेलं. किनाऱ्यावर ‘पोहू नका’ अशी पाटी होती. मूल पोहत नव्हतंच. पाटीवर प्राण्याचं नाव नव्हतं, ते नंतर आलं. आपल्याकडच्या ‘पाण्यात उतरू नये, हुकुमावरून’ छापाच्या पाट्याही अशाच मुक्या असतात. का उतरू नये हे लिहिलं नसेल तर माणूस स्वतःच्या सोयीने अर्थ लावतो.

आणि मगर नसली म्हणून धरणाचं पाणी सुरक्षित होत नाही. आपल्या परिसरात साप आणि बिबट्यापेक्षा पाणीच जास्त माणसं घेतं. धरणाचा तळ तलावासारखा बशीच्या आकाराचा नसतो. खाली जुन्या शेतांचे बांध असतात, विहिरी असतात, मूळ नदीचं पात्र असतं. पवनेचं पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ वर येतं, त्यावरून खाली काय काय दडलंय याचा अंदाज यावा. कमरेएवढ्या पाण्यातून पुढे टाकलेलं एकच पाऊल डोक्यावर पाणी आणतं, किंवा गाळात पाय रुततो आणि तो काढण्याच्या धडपडीत तोल जातो. मे 2024 मध्ये उजनीत कुगाव-कळाशी बोट वादळी वाऱ्यात उलटून 6 जण गेले. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर ढग भरून आले की बोटीत बसायचं नाही, मग नावाडी काहीही म्हणो. लाइफ जॅकेटचे सगळे बकल लावलेले हवेत. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नका. झाकण घट्ट लावलेला रिकामा वीस लिटरचा जार दोरी बांधून फेका.

‘कार्बोलिक शिंपडलं की साप येत नाही’

ही समजूत घरोघरी आहे, त्यामुळे रिसॉर्टवाल्यांनाही ती सोयीची पडते. दोन बाटल्या आणल्या की ‘आम्ही फवारणी केलीय’ म्हणायला मोकळे. कार्बोलिक म्हणजे फिनॉल. सापाला ते आवडत नसेलही, पण त्याच्यासाठी ती लक्ष्मणरेषा नव्हे. उघड्या माळावर वारा आणि दव यांच्यापुढे ते टिकत नाही. टिकतं तेवढ्या वेळात ते माणसालाच नडतं: त्वचा भाजते, वाफेने डोळे चुरचुरतात, आणि काठावरून ओघळून पाण्यात गेलं तर मासे मरतात. मीठ, गंधक, लसूण, लोकरीची दोरी यांची गतही तीच. दोरी तर साप सरळ ओलांडून जातो.

साप माणसाच्या वासाने येत नाही, उंदराच्या मागावर येतो. उंदीर येतात बार्बेक्यूनंतर पडलेल्या खरकट्यावर आणि धान्याच्या पोत्यांवर. त्यामुळे टेंटमागचा उघडा कचऱ्याचा डबा हेच सापाचं आमंत्रण. कॅम्पफायरसाठी रचलेलं लाकूड, विटांचा ढीग, ताडपत्रीची घडी या घोणशीच्या आणि विंचवाच्या आवडत्या जागा. लाकूड उचलायचं ते काठीने उलथून, उजेडात आणि शक्यतो हातमोजे घालून. टेंटभोवतीचं गवत घोट्याच्या खाली कापलेलं हवं आणि सरपण झोपायच्या जागेपासून लांब हवं. रात्री बूट उघड्यावर राहिले असतील तर सकाळी उलटे करून झटकायचे, मगच पाय घालायचा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झोपायची जागा. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावते. टेंटची चेन शेवटच्या इंचापर्यंत लावा, मोबाइलच्या चार्जिंगची वायर आत घ्यायला ठेवलेली फटही नको. कॉटेजमध्ये असाल तर खाटेवर झोपा आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. एवढ्याने मण्यारीचा प्रश्न जवळपास मिटतो, आणि त्याला कार्बोलिकच्या बाटलीएवढाही खर्च येत नाही.

मेसेजमध्ये आणखी एक वाक्य असतं: ‘पाण्यातले साप बिनविषारी’. धरणाच्या कडेला दिसणारी पाणदिवड बिनविषारी असते, इथवर बरोबर. पण नाग आणि घोणसही पोहतात. पाण्यात दिसला म्हणून हात लावायला तो बिनविषारी ठरत नाही. घोणस थंडीच्या दिवसांत, म्हणजे नेमकी आपल्या कॅम्पिंगच्या हंगामात, जास्त हिंडताना दिसते. ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते. तो ऐकला की आहे तिथे थांबा, टॉर्चने जागा शोधा आणि आल्या वाटेने मागे या. जाण्याआधी एखाद्या रविवारी मुलांना कात्रजच्या सर्पोद्यानात नेऊन नाग आणि घोणस काचेआड नीट दाखवलेत तर कुठल्याही फॉरवर्डपेक्षा जास्त उपयोग होईल.

‘चावला तर घट्ट बांधा, चिरा द्या’

हा सल्ला पुढे पाठवणाऱ्याने तो आधी डिलीट करावा. घोणशीचं विष चावल्या जागचं मांस सडवतं आणि रक्ताची गोठण्याची ताकद घालवतं. त्यावर घट्ट दोरी बांधली की विष त्याच जागी कोंडतं, रक्तपुरवठा तुटतो, आणि पाय वाचवता येणं अवघड होतं. दोरी सोडली की अडकलेलं विष एकदम शरीरात जातं. रक्त गोठत नसताना चिरा दिला तर ते थांबत नाही. तोंडाने ओढून विष निघत नाही. बर्फ, हळद, चुना लावणं किंवा मिरची खायला देऊन ‘तिखट लागतं का’ हे पाहणं, यात फक्त वेळ जातो.

करायचं ते असं. माणसाला बसवा किंवा झोपवा, चालू देऊ नका. अंगठी, कडं, घड्याळ, पैंजण, बूट लगेच काढा, सूज चढल्यावर ते कापून काढावे लागतात. हाड मोडल्यावर बांधतो तशी काठी, छत्री किंवा जाड पुठ्ठा लावून तो हात-पाय सैल पट्टीने स्थिर करा, पट्टीखाली बोट सहज गेलं पाहिजे. चावल्याची वेळ लिहून ठेवा. 108 लावा, आणि रुग्णवाहिकेपेक्षा आपली गाडी लवकर पोचणार असेल तर निघा. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर तोही नको. सापाच्या मागे लागून दुसरा माणूस चावून घेतो, हे फार वेळा होतं.

मण्यारीबद्दल वेगळं सांगायला हवं. तिचा चावा बहुधा दुखत नाही, सुजत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, आणि मग श्वास. आता कॅम्पवरचं चित्र डोळ्यांसमोर आणा. आदल्या रात्री पार्टी झालेली. एकाचे डोळे मिटतायत, जीभ जड झालीय. ‘उतरली नाही अजून, झोपू दे त्याला’ असं म्हणत मित्र पांघरूण घालतात. जमिनीवर झोपलेल्या माणसात ही लक्षणं दिसली तर प्यायलेला असो वा नसो, साप चावलाय असं धरूनच गाडी काढायची.

विंचवाचं गणितही वेगळं. नुसतं दुखत असेल तर ते सोसवतं. पण दरदरून घाम, उलट्या, हात-पाय गार आणि छातीत धडधड असेल, विशेषतः लहान मुलाला, तर तो लाल विंचू समजून ताबडतोब दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळीने या दंशावरचे उपचार बदलून टाकले. मात्र ती द्यायची डॉक्टरने, रक्तदाब पाहून.

‘मधमाशा आल्या तर पाण्यात उडी मारा’

आग्या मोहोळ उठलं तर पाण्यावर माशा घोंघावत राहतात. तुम्ही श्वासाला डोकं वर काढलंत की चेहऱ्यावर बसतात. पोहता न येणारा माणूस घाबरून धरणात उतरला तर माशांआधी पाणीच त्याला संपवतं. तोंड आणि नाक ओढणीने किंवा टीशर्टने झाका, हात न हलवता सरळ पळा आणि बंद गाडीत किंवा पक्क्या खोलीत शिरा. चारदोन माशा आत आल्या तरी चालतील. नांगी तुटून अंगात राहते आणि तिच्या वासाने बाकीच्या माशा त्याच जागी येतात, म्हणून सुरक्षित ठिकाणी पोचल्यावर लगेच काढा, नखाने खरवडा नाहीतर चिमटीने ओढा, पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा. ओठ-जीभ सुजली, घोगरा आवाज आला, अंगभर गांध्या उठल्या, चक्कर आली तर अ‍ॅड्रेनलिनच्या इंजेक्शनची गरज आहे, गोळीने भागणार नाही. झाडावर किंवा कड्यावर पोळं असेल तर त्याच्याखाली चूल, धूर, ड्रोन, फटाका आणि उग्र अत्तर, काहीही नको.

‘बिबट्या उजेडाला आणि डीजेला घाबरतो’

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही हे वाक्य वाचून दाखवा. बिबट्या तिथे उसात, दिव्यांच्या उजेडात, वस्तीच्या आवाजात राहतो. तो पोहतोही. माणिकडोह किंवा डिंभ्याच्या काठचं रिसॉर्ट त्याच्यासाठी अपवाद नाही. तो तिथे माणसासाठी येत नाही, कुत्र्यांसाठी येतो, आणि कुत्री येतात मटणाच्या हाडांसाठी. साखळी तीच, फक्त उंदराच्या जागी कुत्रा.

अंधार पडल्यावर मूल एकटं सोडायचं नाही, वॉशरूमपर्यंतही नाही. उघड्यावर बसू नका. उकिडवं बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं. समोर आलाच तर पळू नका, मुलाला कडेवर घ्या, मोठ्याने बोलत, पाठ न फिरवता मागे सरा. वनखात्याची मदतवाहिनी 1926.

मेसेजात नसलेली एक गोष्ट: त्याच कुत्र्यांचा किंवा माकडाचा चावा. साबण आणि वाहत्या पाण्याने जखम 15 मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करायची. रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, हे डॉक्टरला आठवण करून द्या.

‘रिसॉर्टवर इंजेक्शन असतंच’

सर्पदंशाचं प्रतिविष फ्रीजमधून काढून मॅनेजरने टोचायची चीज नाही. विषबाधेची लक्षणं दिसली तरच ते देतात, शिरेतून, आणि सुरुवातच साधारण 8 ते 10 कुप्यांनी होते. मुलालाही तितक्याच, कारण साप विष वयाप्रमाणे मोजून देत नाही. त्याची तीव्र रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून अ‍ॅड्रेनलिन आणि ऑक्सिजन हाताशी लागतो. मण्यार किंवा नाग असेल तर व्हेंटिलेटर. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. ताम्हिणीकडच्या बांबूत आणि झुडपांत सापडणाऱ्या हिरवा चापडा या विषारी सापावर ते लागू पडत नाही, तिथे लक्षणांप्रमाणे उपचार करावे लागतात.

म्हणून अ‍ॅडव्हान्स पाठवण्याआधी फोनवर विचारायचं ते वेगळंच. झोपायला खाट आहे का? खरकटं कुठे टाकता? रात्रभर एक गाडी आणि न प्यायलेला ड्रायव्हर जागेवर असतो का? प्रतिविष आणि व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय कोणतं, रात्री तिथवर किती मिनिटं लागतात, आणि काठावर मोबाइलला रेंज नसेल तर फोन कुठून लावता? ‘दवाखाना जवळच आहे’ हे उत्तर धरायचं नाही, नाव आणि मिनिटं हवीत. आणि टेंटपासून गाडीपर्यंत पेशंटला चालवायचं नसल्यामुळे, त्याला उचलून न्यायला हात असलेली भक्कम खुर्ची कुठे ठेवलीय, तेही पोचल्यावर बघून घ्या.