‘प्लास्टिक खाणारा जिवाणू’ कचरा डेपोवर फवारला तर?

व्हॉट्सअॅपवर फिरणारा दावा असा: जपानमध्ये प्लास्टिक खाणारा जिवाणू सापडलाय, शास्त्रज्ञांनी जनुकं बदलून तो आणखी खादाड केलाय, डेपोवर फवारला की महिन्याभरात प्लास्टिक गायब. जिवाणू खरा आहे. फवारणीची कल्पना मात्र टिकत नाही.

‘प्लास्टिक खातो.’ २०१६ साली जाहीर झालेला इडिओनेला साकाएन्सिस हा जिवाणू प्लास्टिकपैकी खातो फक्त पेट, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. त्याचं पेटेझ हे एन्झाइम पेटच्या लांब रेणू-साखळ्यांमधले दुवे, म्हणजे एस्टर बंध, तोडतं. कॅरीबॅग आणि दुधाच्या पिशव्यांच्या पॉलिथिनमध्ये ते बंधच नसतात.

‘महिन्याभरात.’ मूळ प्रयोगात ३० अंश सेल्सिअसला सहा आठवडे लागले, तेही जेमतेम २ टक्के स्फटिकता (साखळ्या किती घट्ट, शिस्तीत रचल्या आहेत त्याचं माप) असलेल्या पातळ फिल्मला. बाटली फुगवताना साखळ्या ताणल्या जाऊन घट्ट रचल्या जातात, स्फटिकता ३० टक्क्यांच्या आसपास जाते आणि एन्झाइमला शिरकावच मिळत नाही.

‘जनुकं बदलली की झालं.’ इथे खरं काम झालंय, म्हणून नीट पाहू. फ्रान्समध्ये २०२० साली सुधारलेलं एन्झाइम जपानी जिवाणूचं नाहीच. त्याचं मूळ पालापाचोळ्याच्या कंपोस्टमधलं. त्याने १० तासांत ९० टक्के पेट मोडलं. पण कसं? पेट वितळवून, स्फटिकता कमी राहावी म्हणून झटकन थंड करून, भुकटी करून. लिटरला २०० ग्रॅम पेट, दर ग्रॅमला ३ मिलिग्रॅम एन्झाइम, तापमान ७२ अंश. एवढ्या उष्णतेत साखळ्या सैल होतात. आणखी तापवलं तर पेट पुन्हा वेगाने स्फटिक होतं आणि क्रिया अडते. शिवाय पेट मोडताना टेरेफ्थॅलिक आम्ल सुटतं. त्याने पीएच (आम्लतेचा आकडा) घसरतो; तो ८ च्या आसपास टिकवायचा तर १ किलो पेटमागे हिशेबाने सुमारे ४१५ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. मग आम्ल परत मिळवायला सल्फ्युरिक अॅसिड घातलं की सुमारे ७४० ग्रॅम सोडियम सल्फेट हा क्षार उरतो. प्रक्रिया परवडणार का, हे ठरवताना या क्षाराचा हिशेब टाळताच येत नाही. उघड्या ढिगावर यातलं काय सांभाळणार?

‘जिवाणू स्वतःच वाढत राहील.’ शेजारी खरकटं असताना तो पेटच्या वाटेला कशाला जाईल? जास्तीचं एन्झाइम बनवणं पेशीला ओझं असतं. ते बनवणारं जनुक गमावलेल्या पेशी वेगाने वाढतात आणि काही पिढ्यांत बाकीच्यांना मागे टाकतात. म्हणूनच शहाणी रचना अशी: जिवाणू बंद फर्मेंटरमध्ये (जिवाणू वाढवायच्या टाकीत), बाहेर फक्त गाळून घेतलेलं एन्झाइम. भारतात जनुकबदल केलेला जीव मोकळा सोडायला १९८९ च्या नियमांखाली मंजुरी लागते, आणि ती लागायलाच हवी.

स्वच्छ, पारदर्शक बाटल्यांना हे तंत्र लावण्यात अर्थ नाही. त्या धुऊन, बारीक तुकडे (फ्लेक्स) करून वितळवणं स्वस्त पडतं. एन्झाइमची खरी गरज आहे पेटचे रंगीत ट्रे आणि पॉलिएस्टर कापडासाठी (तेही बहुतेक पेटच), आणि तिथेही आधी ते बाकी कचऱ्यातून वेगळं काढावं लागतं.