दीक्षारंभ झाला, ग्रंथालय कुठंय?

"विल्या, भाचीला बीएला घातलंस म्हणे? आणि तेही इतिहास?" गाडी स्टँडवर लावता लावताच बबननं तोंड उघडलं. "एवढे चांगले मार्क, आणि पोरगी आपल्या त्या जुनाट कॉलेजात!"

पोरगी तिथेच बसलीय हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मयूरी कट्ट्याच्या टोकाला होती, मांडीवर बटणाची प्लॅस्टिक फाइल घेऊन. बबनचं वाक्य संपेपर्यंत तिनं ते बटण दोनदा उघडलं, दोनदा लावलं. गावाहून येऊन तिला आठवडा झालाय. होस्टेलची यादी लागेपर्यंत मुक्काम मामाकडे. वडिलांच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली ही पहिलीच.

"मी नाही घातलं," विलास म्हणाला. "तिनं घेतलंय."

"तेच ते. एखादी खासगी युनिव्हर्सिटी बघायची होतीस. एसी वर्ग, पहिल्या दिवशी लॅपटॉप, आणि प्लेसमेंट! प्लेसमेंट सेल बघितलास का कधी त्यांचा?"

बबनच्या बोलण्यात प्लेसमेंट आली नाही असा दिवस जात नाही. सुधीरच्या पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं, हा म्हणाला, "चांगली प्लेसमेंट झाली."

तेवढ्यात शैला आली. शैला आमच्या वर्गातली, आणि आता आमच्याच कॉलेजात ग्रंथपाल. तिनं बबनकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ मयूरीशेजारी जाऊन बसली.

"नव्या पोरांच्या स्वागताचा तो दीक्षारंभ झाला ना गं परवा? काय काय सांगितलं?"

"पाहुण्यांचं भाषण झालं. मग दुसऱ्या पाहुण्यांचं. मग क्रेडिटचं सांगितलं, पण स्लाइड फार पटापट गेल्या."

"ग्रंथालय दाखवलं?"

मयूरीनं नकारार्थी मान हलवली. मग हळूच विचारलं, "कुठंय ते?"

शैला क्षणभर गप्प झाली. तिला चिडलेली आम्ही पुष्कळदा बघितलंय, पण हे चिडणं वेगळं होतं. "यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१९ मध्ये दीक्षारंभाची मार्गदर्शिका काढली ती कशासाठी? नव्या पोरांना जागा कळाव्यात, माणसं कळावीत, भीड चेपावी. मी दहा मिनिटं मागितली होती. वेळ नाही म्हणाले. हारतुऱ्यांना चाळीस मिनिटं गेली, मी मागे उभी राहून मोजली."

"बघ!" बबनला जोर आला. "म्हणून म्हणतो, खासगी..."

"तू थांब. तिथे दारात स्वागताला माणूस उभा असतो, कारण आधी पावती फाडलेली असते. इथे कुणी उभं नसतं, एवढंच आपलं चुकतं. बाकी आत काय कमी आहे? पन्नास-पन्नास वर्षांची नियतकालिकं बांधून ठेवलीत. वाचायला पोरं येत नाहीत, कारण यायचं कसं ते त्यांना कुणी सांगत नाही."

हे मला पटलं, आणि लागलंही. आमच्या एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला, माझ्या बाकावर एक मुलगा बसायचा. अक्षर मोत्यासारखं. दिवाळीची सुट्टी लागली आणि तो परत आलाच नाही. नापास झाला नव्हता, कारण परीक्षाच झाली नव्हती. पुढे कळलं, शिष्यवृत्तीच्या अर्जात काहीतरी त्रुटी निघाली होती, यादी फलकावर लागली होती, आणि तो फलक कुठे असतो हे त्याला माहीत नव्हतं. तीस वर्षं झाली. त्या बाकावरून तो उठून का गेला हे तेव्हा आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी हे बोललो तर विलास लगेच कामाला लागला. तो तहसीलला आहे, दाखले म्हटले की त्याला चेव येतो. "फाइल आण इकडे. उत्पन्नाचा दाखला? आहे. डोमिसाइल? आहे. नॉन-क्रीमीलेअर? मुदत बघ. आणि हे बघ, शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज भरायच्या आधी बँकेत जायचं. खातं आधारला जोडलंय असं सगळेच सांगतात. 'सीडिंग' झालंय का, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यायची नोंद झालीय का, ते विचार. दोन्ही वेगळं असतं. पैसे तिथेच अडकतात."

"मायग्रेशन सर्टिफिकेटही काढ," बबन म्हणाला.

"कशाला? राज्य मंडळाची बारावी आहे तिची. दुसऱ्या राज्यातून आलीय का ती?"

"आपलं सांगून ठेवलं."

सुधीरनं विचारलं, "ऑफिसचं काम झालं का तुझं, मयूरी?"

नव्हतं झालं. सोमवारी ती खिडकीवर गेली तर आतून 'उद्या या' आलं. मंगळवारी गेली, पुन्हा 'उद्या या'. बुधवारीही तेच. आज गुरुवार.

"का उद्या या, ते विचारलंस?"

"नाही."

"का गं?"

"कसं विचारायचं?"

यावर कट्टा गप्प झाला. बबनसुद्धा. आम्हाला सगळ्यांना तो आवाज ओळखीचा होता.

शैलानं तिच्या हातातलं पेन घेतलं. "हे बघ. खिडकीवर जायचं, आधी नाव सांगायचं, मग काम. 'उद्या या' म्हणाले की विचारायचं, 'कोणता कागद कमी आहे? आणि उद्या कुणाला भेटू?' एवढं विचारलंस की समोरच्याला कागद बघावाच लागतो. आणि आपल्या वहीत तारीख लिहायची. भांडायचं नाही, घाबरायचंही नाही. ती खिडकी आपल्यासाठीच केलेली आहे."

मयूरीनं ते लिहून घेतलं. अगदी शब्दाला शब्द.

मग क्रेडिटवर गाडी आली. "सोपं आहे," शैला म्हणाली. "वर्गातले १५ तास म्हणजे १ क्रेडिट. प्रात्यक्षिकाला ३० तास. म्हणजे तुझा ४ क्रेडिटचा इतिहासाचा पेपर हे ६० तासांचं काम. सत्राला अशी वीस-बावीस क्रेडिट. मुख्य विषय, सोबतचा दुय्यम, बाहेरच्या शाखेचा एखादा, कौशल्याचा, भाषेचा. निवडताना मैत्रिणीनं घेतला म्हणून घेऊ नकोस. शिकवणारं माणूस कोण आहे ते आधी बघ."

"आणि चार वर्षं!" बबननं पुन्हा उसळी मारली. "बीएला चार वर्षं! चार वर्षांत माणूस कुठल्या कुठे..."

"प्लेसमेंट होतो," सुधीर म्हणाला.

"चार सक्तीची नाहीत रे," विलास समजुतीनं म्हणाला. "तीन वर्षांत पदवी मिळतेच, चौथं ऑनर्सला. आणि मधे सोडलं तरी वाया नाही. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोननंतर पदविका. क्रेडिट बँकेत जमा राहतात, परत येता येतं. चांगली सोय आहे."

"सोय!" शैला वळलीच त्याच्याकडे. "तुझ्या बहिणीच्या घरी हे असं सांगू नकोस हं. 'एका वर्षात प्रमाणपत्र मिळतं' एवढंच ऐकतील आणि पुढच्या मे महिन्यात स्थळं बघायला लागतील. क्रेडिट बँकेत राहतात विलास, मुलगी सासरी जाते."

विलास काही बोलला नाही. फाइलमधले कागद परत जागच्या जागी लावत बसला. त्याच्या बहिणीचंही तसंच झालं होतं, फक्त तिला प्रमाणपत्र मिळालं नव्हतं. हे आम्हाला माहीत आहे आणि शैलालाही. तरी ती बोलली, ते मला बरं वाटलं. मयूरीसमोर कुणीतरी हे बोलायलाच हवं होतं.

सुधीरनं विषय बदलला. "इंग्रजीची भीती वाटते का गं?"

मयूरीनं वही उघडून दाखवली. पहिल्या तासाची तारीख, खाली देवनागरीत लिहिलेलं 'हिस्टॉरिओग्राफी', आणि पुढे मोठं प्रश्नचिन्ह. बाकी पान कोरं. त्या एका शब्दापाशी तास थांबला होता तिचा.

"इतिहासलेखनशास्त्र," शैला म्हणाली. "इतिहास कुणी लिहिला, कशावरून लिहिला, आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा, हे तपासायचं शास्त्र. तुमच्या गावच्या देवळाची गोष्ट तुझी आजी एक सांगते आणि पुजारी दुसरी, हो की नाही? खरी कोणती हे कसं ठरवशील? ते ठरवायला लागलीस की झाली सुरुवात."

मयूरी पहिल्यांदा हसली. "आजीची."

"पुरावा आण, मग बोल. आणि बीएचा पेपर मराठीतून लिहिता येतो, परीक्षा अर्जात माध्यमाचा रकाना असतो तो नीट भर. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, विषयवार. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून उभा केलेला विश्वकोश आहे, तो तर आता फोनवर फुकट वाचता येतो. इंग्रजी शिकायचीच, रोज थोडी थोडी. पण ती येत नाही म्हणून विषय थांबवायचा नाही."

"आणि पैशाची ओढ असेल तर कमवा व शिका आहे," सुधीर म्हणाला. "भाऊराव पाटलांनी साताऱ्याचं शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये काढलं ते याच बळावर. पोरांनी राबायचं आणि शिकायचं. आपल्याकडेही योजना आहे, अर्ज भर. मी तीन वर्षं केलंय. पहिल्या वर्षी बागेत होतो. लायब्ररीसमोरचे ते दोन गुलमोहर आहेत ना, त्यांचे खड्डे माझे."

"आठवतं," बबन हसला.

"तुला काय आठवतं ते मला माहितीय," सुधीर म्हणाला. "माझ्या हातात कुदळ, आणि तू सगळ्या मुलींसमोर ओरडलास, 'ए माळी!' वर्षभर माळीच म्हणायचा मला."

"अरे, गंमत होती ती. आमच्या वेळी नव्या पोरांची थोडी गंमत चालायचीच..."

"नव्या पोरांची? तूही नवाच होतास की!" शैला म्हणाली. "आणि गंमत कुणाची? हसणारा म्हणतो गंमत, ज्याला हसतात त्याला विचार. रॅगिंगचा कायदा महाराष्ट्रात १९९९ ला आला, तू ९६ ला बाहेर पडलास, म्हणून सुटलास. मयूरी, असं कुणी काही म्हणालं तर ऐकून घ्यायचं नाही. दोन वर्षांपर्यंत कैद आहे त्याला. माझ्याकडे यायचं."

"तू सीआर होतीस तेव्हापासून माझ्यावर डूख धरून आहेस," बबन कुरकुरला.

आता हे जुनं दुखणं. ९४ च्या विद्यापीठ कायद्यानं वर्गप्रतिनिधी मार्कांवर ठरायला लागला. बबननं त्याच वर्षी उभं राहायचं म्हणून पांढरे शर्ट शिवले होते, पत्रकं छापून आणली होती. निवडणूकच गेली, आणि वर्गात पहिली म्हणून शैला सीआर झाली. पुढे २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली, तर बबननं तेव्हा फोन करून मला विचारलं होतं, माजी विद्यार्थ्याला उभं राहता येतं का.

"ती पत्रकं अजून आहेत का रे?" विलासनं विचारलं.

"तुझ्या एनएसएसच्या कॅम्पचे फोटो आहेत तशीच जपून ठेवलीत. २४० तासांची सेवा, त्यातले २३० वहिनींच्या मागे!"

विलास लाजला. पन्नाशीचा माणूस कानापर्यंत लाल झाला. मयूरीला मामीची ही गोष्ट नवीन होती, ती डोळे मोठे करून ऐकत होती.

"मयूरी, एनएसएस घे हं," शैला म्हणाली. "सात दिवसांच्या शिबिरात वर्गाबाहेरची माणसं भेटतात. पण आधी उद्या सकाळी सव्वादहाला माझ्याकडे ये. वाचक कार्ड काढू. रॅकपाशी उभं राहून पुस्तक कसं शोधायचं ते दाखवते. आणि देवघेवीची जुनी नोंदवहीपण दाखवते, तुझ्या बबनकाकांच्या नावापुढे अजून एक पुस्तक उभं आहे."

"काय?" बबन ताडकन उठला.

"१९९५ चं. परत आल्याची नोंदच नाही."

"अशक्य! मला टीसी मिळाला की. नो ड्यूजवर ग्रंथालयाचं काही देणं नाही असा शिक्का होता!"

सगळ्यांनी सुधीरकडे बघितलं. सुधीर शांतपणे चष्मा पुसत होता.

"शिक्का मी मारला," तो म्हणाला. "तिसऱ्या वर्षी मला बागेतून काढून देवघेव विभागात बसवलं होतं. हा आला, गयावया करायला लागला, पुस्तक सापडत नाही, उद्या नक्की आणून देतो. मारला शिक्का."

"आणि उद्या?"

"उद्या या म्हणालो होतो. आलाच नाही."

मयूरी एकदम फसकन हसली, मग फाइल तोंडावर धरली.

"कुठलं होतं रे पुस्तक?" मी विचारलं.

"इतिहासाचं," शैला म्हणाली. "बीएच्या पोरांना अजून लागतं. दुसरी प्रत नाहीये."

"बबनकाका, मला हवंय ते," मयूरी म्हणाली. फाइलच्या आडून, पण स्पष्ट. "कोणता कागद कमी आहे? आणि उद्या कुणाला भेटू?"

बबननं डोकं खाजवलं. "आता घर बदललं, सामान हललं... माळ्यावर असेल बहुतेक."

"बघा," सुधीर म्हणाला, "शेवटी माळ्यावरच ढकललं!"