टाचेच्या भेगेत गरम मेण ओतू नका

सध्या तासगाव-मिरज भागातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. टाचांना भेगा पडतात त्या अंगातल्या उष्णतेनं आणि कॅल्शियम कमी झाल्यानं. रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा, जाड कातडी ब्लेडनं काढा, मेणबत्तीचं मेण हळद घालून वितळवा आणि गरम असतानाच भेगेत भरा. तीन दिवसांत टाच कायमची बरी, डॉक्टरची गरज नाही! उसात, द्राक्षबागेत राबणाऱ्या बायाबापड्यांना हा मेसेज आवर्जून पाठवला जातोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी उष्णता आणि कॅल्शियम. तळपायाच्या कातडीत तेलाच्या ग्रंथीच नसतात, फक्त घामाच्या असतात. त्यामुळं ती लवकर कोरडी पडते. अंगाचा भार आला की टाचेतली चरबीची गादी बाजूला फाकते. वरची कातडी मऊ असेल तर ताण सोसते; जाड आणि कोरडी असेल तर कडेनं फुटते. आपल्याकडं उसाला पाणी पाजताना तासन्‌तास ओल्या सरीत अनवाणी उभं राहायचं, बांधावर आलं की पाय ऊन-वाऱ्यानं सुकायचे, घरी साबणानं घासघासून चिखल काढायचा. हे रोज चाललं की कातडीत ओलावा राहतोच कुठं? मग रात्री गोधडीचा धागा भेगेत अडकतो आणि कळ मस्तकात जाते. मागून उघडी चप्पल, वाढलेलं वजन, दिवसभर कडक फरशीवर उभं राहणं यानंही टाच फुटते. कॅल्शियमचा इथं संबंध नाही, आणि चुन्यानं तोंड भाजतं ते वेगळंच.

ब्लेडचं तर नावच काढू नका. जिवंत कातडी कुठं सुरू होते ते हाताला कळत नाही. मातीत आणि शेणखतात धनुर्वाताचे जंतू असतात. टाचेतून रक्त येत असेल आणि इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील, तर आधी ते घ्या.

सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा अभिमान मलाही आहे. पण कोरड्या पुडीनं भेगेत ओलावा टिकत नाही, आणि डब्यातली हळद जखमेत भरण्याइतकी निर्जंतुक नसते.

तीन दिवसांत कायमचं बरं, हेही खोटं. पाय कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, वज्री हलक्या हातानं फिरवा, टिपून घ्या आणि कातडी ओलसर असतानाच क्रीम लावा. औषधाच्या दुकानात 10 ते 25 टक्के युरिया असलेलं क्रीम मिळतं. ते जाड कातडी मऊ करतं आणि पाणी धरून ठेवतं. भेगेतून रक्त येत असेल तर ते झोंबतं. तेव्हा नुसतं व्हॅसलिन लावून पट्टी बांधा. कोकमाचं तेलही चालतं. वर सुती मोजे घालून झोपा. वज्री आठवड्यातून दोनदा पुरे, क्रीम मात्र रोज. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो, पण लावायचं थांबवलं की भेगा परत येतात.

आता मेण. ते साधारण 55 ते 60 अंशांना वितळतं, आणि एवढ्या उष्णतेनं काही सेकंदांत कातडी भाजते. ज्याला चटका बसतो तो पाय मागं घेईल. पण साखरेच्या आजारानं ज्याच्या पायाची संवेदना गेलीय, त्याला कळणारच नाही. या आजारात पायाला घाम येणंही कमी होतं, म्हणून टाचा आणखी फुटतात, आणि नेमक्या अशाच माणसाला हा मेसेज पाठवला जातो. भाजलेली जागा चिघळली तर बोट किंवा पाय गमवायची वेळ येते. शुगर असणाऱ्यांनी पाय भिजत ठेवणं आणि वज्री दोन्ही टाळावं, रोज तळपाय आरशात बघावा, आणि भेग दिसली की डॉक्टरला दाखवावी. बाकीच्यांनीही भेगेतून पू आला, टाच लाल होऊन सुजली, किंवा एकाच पायाला पांढुरका कोंडा सुटून खाज येत असेल तर जावं. तो कोंडा बऱ्याचदा बुरशीचा असतो, आणि त्याला औषधच वेगळं लागतं.