चिखलाला वळसा घालू नका

इथल्या आपल्या मराठी मंडळींचे भटकंतीचे ग्रुप मे महिन्यात जागे होतात. आधी ब्लूबेल, मग लॅव्हेंडर, मग पिवळ्या साडीतले फोटो. फेब्रुवारीत कुणी खेड्याकडे चला म्हटलं की एकच उत्तर येतं, "चिखल असेल रे." असतोच. तरी माझं म्हणणं, इंग्लंडचं खेडं बघायचं तर तेव्हाच.

मागच्या हिवाळ्यात अण्णा तीन महिने आमच्याकडे स्विंडनला होते. भोकरदन तालुक्यातला शेतकरी माणूस, हीटरजवळ बसून पार वैतागला होता. एका रविवारी त्यांना अफिंग्टन नावाच्या खेड्यात नेलं. त्यांच्यासाठी गमबूट घेतले. इंग्रज त्यांना 'वेली' म्हणतात, ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नावावरून. तोच आर्थर वेलस्ली, जो २३ सप्टेंबर १८०३ रोजी आमच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. हे सांगितल्यावर अण्णा बूट चढवत म्हणाले, "म्हंजे त्याचेच बूट घालून त्याच्याच मुलखात राडा तुडवायचा. चल."

अफिंग्टनच्या चर्चचा मनोरा आठ बाजूंचा आहे. त्याला पाठीशी ठेवून वुलस्टनच्या दिशेनं शेतात शिरलं की चिखलाचं कारण कळतं. समोरची टेकडी खडूच्या दगडाची, खालचं खोरं चिकणमातीचं. पाऊस टेकडीत मुरतो आणि खाली चिकणमाती लागली की अडून पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर पडतो. वुलस्टनसारखी गावं त्याच झऱ्यांच्या ओळीवर वसली आहेत. टेकडीवर तीन हजार वर्षांपूर्वी कोरलेला, ११० मीटर लांबीचा पांढरा घोडा आहे. गवत चढून तो पुसला जाऊ नये म्हणून लोक अजूनही हातोड्या घेऊन त्यात खडू ठोकून भरतात. अण्णांना घोड्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांचं लक्ष गव्हावर होतं.

"एवढासाच? आपला तर आता सोंगायला आला असंल."

इथला गहू ऑक्टोबरात पेरतात आणि ऑगस्टात कापतात, हे त्यांना आळशीपणाचं लक्षण वाटलं. मग ते एकदम थांबले. हिरव्या गव्हाच्या मधोमध, एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत, तपकिरी चिखलाची पट्टी गेली होती.

"हे कोणाचं वावर?"

"माहीत नाही, अण्णा. कुणातरी शेतकऱ्याचं."

"मग आपण कसं काय घुसलो? कोणी बोलणार नाही?"

नाही बोलणार. फाटकावरचा पिवळा बाण म्हणजे ही पायवाट सार्वजनिक. जमीन मालकाची, पण चालायचा हक्क सगळ्यांचा. १९४९ च्या कायद्यानं अशा वाटांची नोंद नकाशावर घ्यायला लावली. शेताच्या मधून जाणारी वाट मालकाला नांगरता येते, पण १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करावी लागते आणि पिकात किमान एक मीटर रुंद मोकळी ठेवावी लागते. बांधाच्या कडेची वाट तर नांगरायचीच नाही. नोंद नसलेल्या वाटेवरूनही लोक वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा चालत आले असतील, तर साधारणपणे तिच्यावर हक्क सांगता येतो. आपल्याकडे याला किती चपखल शब्द आहे, वहिवाट.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, जमीन महसूल संहितेतलं १४३ वं कलम आहे. पण पाणंद दर पेरणीला वीतभर आत सरकते आणि बैलगाडी अडली की भावकी एकमेकांची तोंडं बघत नाही. अण्णांनी यातलं सगळं भोगलंय, म्हणून ती मीटरभराची पट्टी ते नजरेनं मोजत होते. इथंही सगळं सोनं नाही. वाटेवर काटेरी तार, गेटला साखळी हे प्रकार मी पाहिलेत. पण तक्रार घेऊन कुठं जायचं आणि नकाशावर बोट कुठं ठेवायचं, हे तरी ठरलेलं आहे.

आणि म्हणूनच चिखलाचा आग्रह. बूट खराब होतील म्हणून लोक राड्याच्या कडेकडेनं गव्हातून चालतात. मग वाट एका मीटरची तीन मीटर होते, पीक तुडवलं जातं आणि शेतकऱ्याला चालणारे डोळ्यांपुढं नकोसे होतात. सरळ मधून जा. घोट्यापर्यंत रुतलात तर रुतलात. उन्हाळ्यात शंभर जण येतील, पण जानेवारी-फेब्रुवारीतही कुणीतरी फिरकलं तर वाट जिवंत राहते. कुंपणाच्या हेझलला पिवळे झुपके लोंबत होते, चर्चच्या आवारात स्नोड्रॉप फुलले होते, वर कुठंतरी चंडोल गात होता. लॅव्हेंडरवाल्यांना यातलं काहीच दिसत नाही.

गाडीपाशी आल्यावर अण्णांनी काडीनं बुटांचा चिखल खरवडला, चिमूटभर बोटांत चोळून पाहिला. "आपल्याइतकी काळी नाही. पण सोडत नाही मात्र."

मग म्हणाले, "त्या पट्टीचा फोटो काढलास ना? तुझ्या चुलत्याला धाड."

मी फोन काढला. त्यांनी थोडा विचार केला.

"राहू दे. उगं वाद वाढंल."