आत काय काय आहे?

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा 'बॅटऱ्यांसकट' मिळते, असं तिचे चाहते वर्षानुवर्षं सांगत आलेत. ईमेल वाचा, झिप उघडा, तारखा मोजा, सगळ्याच्या लायब्ऱ्या, म्हणजे तयार कोडचे तुकडे (एकेक तुकडा म्हणजे 'मॉड्यूल'), आतच. हे क्लायंटच्या सुरक्षा विभागाच्या कानावर गेलं असावं. त्यांचा निरोप आला: आत नेमकं काय काय आहे त्याची यादी पाठवा, हातानं केलेली नको, प्रोग्रॅमनं काढलेली हवी. आमचे मॅनेजर म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे." दोन मिनिटांची कामं ते स्वतः कधीच करत नाहीत.

'पिप लिस्ट ही कमांड मार', हा पहिला सल्ला फुकट मिळतो. त्यात बाहेरून आणलेलं सगळं निघतं, पायथॉनच्या घरचं मात्र काही नाही. 'सिस डॉट मॉड्यूल्स' म्हणावं, तर ते आत्तापर्यंत लोड झालेल्यांचीच नावं सांगतं. 'बिल्टिन मॉड्यूल नेम्स' हे नाव वाचून जीव भांड्यात पडतो, पण त्यात फक्त इंटरप्रिटरच्या (पायथॉनचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पोटात कंपाइल झालेली मंडळी. डेटाच्या देवाणघेवाणीसाठी रोज उठून ज्याच्याशी गाठ पडते तो 'जेसन' त्यात नाही!

खरी सोय आली २०२१ मध्ये, ३.१० आवृत्तीत: 'सिस डॉट स्टडलिब मॉड्यूल नेम्स'. बॅटऱ्यांचा एवढा डंका पिटून झाल्यावर त्या मोजायची सोय! तीनशेच्या आसपास नावं एका ओळीत हजर. फक्त हा 'फ्रोझनसेट', म्हणजे ठरलेला क्रम नसलेला संच आहे, त्यामुळे प्रोग्रॅम नव्यानं चालवला की नावांचा क्रम बदलतो, रेशनच्या रांगेत मधेच कुणीतरी घुसावं तसा. ऑडिटवाल्यांना कालची आणि आजची यादी वेगळी दिसली की ते आधी आपल्याकडेच संशयानं बघतात. म्हणून 'सॉर्टेड' लावून नावं अक्षरानुक्रमे घ्यायची.

एवढ्यावर भागलं असतं. पण टीममधल्या नव्या मुलाला प्रत्येक नाव इम्पोर्ट, म्हणजे लोड, करून खातरजमा करायची होती, तीही क्लायंटसमोर, स्क्रीन शेअर करून. अंडरस्कोरनं सुरू होणारी नावं आधी संपली. मग आलं 'अँटिग्रॅव्हिटी'. हे मॉड्यूल इम्पोर्ट केलं की ब्राउझर उघडतो आणि त्यात हवेत तरंगणाऱ्या माणसाचं व्यंगचित्र येतं. पायथॉनकारांनी गंमत म्हणून ठेवलंय. पलीकडे कुणीही हसलं नाही. पुढे 'धिस' या मॉड्यूलची पाळी आली आणि स्क्रीनवर पायथॉनच्या तत्त्वज्ञानाची १९ सुभाषितं उमटली. मॅनेजरांनी विचारलं, "हे कुणी टाइप केलं?"

त्यात टेस्ट सर्व्हरवर पायथॉन ३.१३ आणि प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर, ३.१२. २०२४ च्या ३.१३ मध्ये 'सीजीआय', 'टेलनेटलिब' अशी १९ जुनी मॉड्यूलं काढून टाकली. तो प्रस्तावच 'मेलेल्या बॅटऱ्या' काढण्याचा होता. हे ईमेलमध्ये लिहिलं, तर उलट विचारणा आली: मृत्यूचं कारण?

शेवटी एक्सेल भरायला घेतलं. रकाने चार: नाव, आवृत्ती, पुरवठादार, उपयोग. 'अँटिग्रॅव्हिटी'समोर उपयोगाच्या रकान्यात मी 'उड्डाण' लिहिलं. ते मंजूर झालं. हरकत आली 'विनरेग'वर: तुमचे सर्व्हर लिनक्सचे, मग विंडोजच्या रजिस्ट्रीचं मॉड्यूल यादीत कसं? ही यादी सगळ्या प्लॅटफॉर्मना एकच असते, तिथे नसलेलंही तीत असतं, हे मी समजावून सांगितलं. त्यावर त्यांचं उत्तर: ठीक आहे, आता जे खरोखर आहे फक्त त्याची यादी पाठवा.